वाचकांचे प्रश्न : पाण्यातील फ्लोराइड आणि त्याचे प्रमाण

प्रश्न : पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांची बुद्धी मंदावते आणि म्हणूनच युरोपने त्यावर बंदी घातली, असा मजकूर सतत वाचनात येतो. दुसरीकडे दंतवैद्य फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरायला सांगतात आणि काही देशांत तर हाच पदार्थ पाण्यात मुद्दाम मिसळला जातो. यातले खरे काय मानावे?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निरनिराळे वाद एकत्र आले आहेत. खडकांतून भूजलात आपोआप उतरलेले जास्तीचे फ्लोराइड ही एक गोष्ट, आणि दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात मोजून मिसळलेले थोडेसे फ्लोराइड ही दुसरी. पहिल्याच्या अपायांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही. जो काही वाद आहे तो दुसऱ्याविषयी आहे. मात्र पहिल्याचे पुरावे दुसऱ्याच्या विरोधात जसेच्या तसे वापरले जातात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

गंमत अशी, की फ्लोराइडचा गुण आणि दोष एकाच शोधातून उजेडात आले. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे 1901 मध्ये व्यवसाय सुरू करणारे दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना तिथल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, आणि असे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत हेही पुढे त्यांच्या ध्यानात आले. डागांचे कारण पाण्यातील फ्लोराइड आहे, हे 1931 मध्ये रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या पृथक्करणातून स्पष्ट झाले. त्यानंतर अमेरिकी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी अनेक गावांची तुलना करून असे मांडले, की लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर ठळक डाग पडत नाहीत, पण दातांना संरक्षण मिळते. याच आधारावर 1945 मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास आरंभ झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सांगितली आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या प्रदेशात, विशेषतः ज्या भूजलात कॅल्शियम कमी आणि क्षारता जास्त असते तिथे, हे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. भारत, चीन आणि पूर्व आफ्रिकेतील खचदरीचा पट्टा ही त्याची ठळक उदाहरणे होत. दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात आणि ते कायम राहतात. अनेक वर्षे खूप जास्त फ्लोराइड शरीरात साठत गेले, तर हाडे आणि अस्थिबंध कठीण होऊन पाठीचा कणा ताठरतो, सांधे आखडतात आणि माणसाला वाकणे वा चालणे अशक्य होते. भारतातील अशा रुग्णांचे वर्णन तत्कालीन मद्रास इलाख्यातून 1937 मध्येच प्रसिद्ध झाले होते. आहारात कॅल्शियमची कमतरता असेल तर हा अपाय अधिक तीव्र होतो.

आता बुद्धीविषयी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने ऑगस्ट 2024 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला आणि लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध असल्याचे मध्यम खात्रीने म्हटले. ज्या 19 अभ्यासांना त्यांनी उच्च दर्जाचे ठरवले, त्यांपैकी 18 अभ्यासांत असा संबंध आढळला. परंतु हे अभ्यास अमेरिकेबाहेरचे होते, आणि अमेरिकेत शिफारस केलेल्या 0.7 मिलिग्रॅम या प्रमाणाविषयी निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही, असे त्याच आढाव्यात नमूद आहे. समाजमाध्यमांवरील मजकुरातून नेमके हेच वाक्य गळलेले असते. कमी प्रमाणाविषयीचे अभ्यास परस्परविरोधी आहेत : कॅनडातील माता-बालकांच्या 2019 मधील एका अभ्यासात संबंध दिसला, तर न्यूझीलंडमधील डनीडिन येथे जन्मापासून पाहणीखाली असलेल्या गटात 2015 मध्ये तसा कोणताही परिणाम आढळला नाही.

तरीही शंका घेणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवणे मला योग्य वाटत नाही. ज्या पातळीवर अपायाची शक्यता दिसू लागते आणि ज्या पातळीवर पाणी पुरवले जाते, त्यांत जेमतेम दुपटीचे अंतर आहे, आणि प्रत्येक माणूस सारखेच पाणी पीत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेतील एका संघीय न्यायालयाने तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेला या धोक्याची दखल घेण्याचा आदेश दिला, तो मुख्यतः हे अंतर अपुरे असल्याच्या कारणावरून. फ्लोराइडमिश्रित पाणी घातक असल्याचे सिद्ध झाले, असे न्यायालय म्हणाले नव्हते.

युरोपातील बंदीची गोष्ट अर्धवट आहे. तिथले बहुतेक देश पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत हे खरे, पण त्यामागे पाणीपुरवठ्याची रचना, व्यक्तीच्या संमतीचा प्रश्न आणि इतर पर्यायांची उपलब्धता अशी कारणे आहेत. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने 2003 मध्ये ही पद्धत थांबवली, मात्र तिथे फ्लोराइडयुक्त मीठ मिळत होते. आयर्लंडमध्ये आजही पाण्यात फ्लोराइड मिसळले जाते.

माझ्या मते अधिक महत्त्वाचा आणि कमी चर्चिला जाणारा मुद्दा वेगळाच आहे : लाभ आता किती उरला आहे? फ्लोराइड मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर काम करते. तोंडातील आम्लामुळे झिजणाऱ्या आवरणात खनिजे पुन्हा बसवण्यास ते साहाय्य करते. हे काम टूथपेस्टही करते. ऑक्टोबर 2024 मध्ये अद्ययावत झालेल्या कोक्रेन आढाव्यानुसार (कोक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था), 1975 नंतरच्या, म्हणजे अशा टूथपेस्ट सर्वत्र पोहोचल्यानंतरच्या अभ्यासांत पाण्यातील फ्लोराइडमुळे किडणाऱ्या दुधाच्या दातांची संख्या मुलामागे सरासरी केवळ पाव दाताने घटलेली दिसते, आणि तीही पूर्ण खात्रीने सांगता येत नाही. ज्यांच्याकडे नियमित ब्रश आणि दंतवैद्य दोन्ही नाहीत, त्यांच्यासाठी या उपायाची किंमत अजूनही असू शकते. बाकीच्यांसाठी ती पूर्वीइतकी राहिलेली नाही.

प्रश्न : पाणी उकळल्याने फ्लोराइड निघून जाते का? घरात तान्हे बाळ असल्यास काय करावे?

उत्तर : नाही. उकळताना पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड मागेच राहते, त्यामुळे त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. साध्या कोळशाच्या गाळणीचाही विशेष उपयोग होत नाही. आरओ यंत्र किंवा सक्रिय ॲल्युमिनाची (फ्लोराइड शोषून धरणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांची) गाळणी फ्लोराइड काढते. तुरटी आणि चुना वापरून पाणी निवळवण्याची नालगोंडा पद्धतही आहे, परंतु तिच्यातील मात्रा पाण्याची तपासणी करूनच ठरवावी लागते. डोळ्यांनी, चवीने किंवा वासाने फ्लोराइड ओळखता येत नाही, म्हणून विंधनविहिरीचे पाणी पिणाऱ्यांनी आधी प्रयोगशाळेतून ते तपासून घ्यावे आणि मगच यंत्राचा विचार करावा.

आईच्या दुधात फ्लोराइड अत्यल्प असते. पावडरचे दूध मात्र पाण्यात कालवले जात असल्याने बाळाच्या वजनाच्या मानाने बरेच फ्लोराइड पोटात जाऊ शकते. अशा दुधासाठी कमी फ्लोराइडचे पाणी वापरणे हा सोपा आणि निर्धोक उपाय आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरातून फ्लोराइड नीट बाहेर पडत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. तीन वर्षांखालील मुलांच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरे होते. ती गिळली जात नाही ना, याकडे मोठ्यांनी जवळ उभे राहून लक्ष द्यावे.