गाळखतातील जड धातू विहिरीपर्यंत उतरतात का?

प्रश्न : आमची काळ्या जमिनीत द्राक्षबाग आहे. शेणखत परवडेनासे झाल्यामुळे शहरी कंपोस्टमध्ये सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील वाळलेला गाळ मिसळून ते बोदात (वेलींच्या ओळीतील मातीच्या उंच वरंब्यात) भरण्याचा विचार आहे. त्यातील जड धातू बागेतल्या विहिरीत किंवा द्राक्षांत येतील का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : विहिरीची काळजी रास्त आहे, परंतु त्याहून अधिक काळजी वरच्या वीतभर मातीची करायला हवी. काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर असते, चुनखड असते आणि सामू (पीएच) बहुधा 7.5 ते 8.5 च्या दरम्यान राहतो, त्यामुळे धातूंचा फारच थोडा अंश पाण्यात विरघळलेला उरतो. शिसे तर पडले तिथेच जवळजवळ बसून राहते. कॅडमियम आणि जस्त त्या मानाने चंचल आहेत, पण त्यांची चाल वाढते ती सामू 6 च्या आसपास व त्याखाली उतरू लागल्यावर. हेच खत इगतपुरीकडच्या आम्लधर्मी भातखाचरात टाकायचे असते, तर मी सरळ नको म्हटले असते.

तांब्याचे वागणे निराळे आहे. मुरलेल्या खतातील सेंद्रिय पदार्थ त्याला धरून ठेवतात. खत अर्धकच्चे असेल, तर मात्र पाण्यात विरघळणारी सेंद्रिय आम्लेही त्याला तितकेच घट्ट धरतात आणि स्वतःबरोबर खाली नेतात. त्यातच उन्हाळ्यात जमिनीला खोल भेगा पडलेल्या असताना खत टाकून वर मोकळे पाणी सोडले, किंवा पहिलाच वळीव जोरात कोसळला, तर पाणी मातीतून गाळून न जाता भेगांमधून थेट मुरमापर्यंत पोहोचते. म्हणून खताचा ढीग विहिरीच्या काठाशी लावू नये, आणि भेगा बुजल्यावर, वाफशावरच (माती ओलसर पण चिखल नसताना) खत मातीत मिसळावे.

आता साठ्याचा हिशेब पाहू. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम 5, शिसे 100 आणि तांबे 300 मिलिग्रॅमपर्यंत चालते. या कमाल मर्यादेचे खत दरवर्षी एकरी 4 टन टाकले, तर वर्षाला 20 ग्रॅम कॅडमियम पडते. एकरातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 8 लाख किलो धरल्यास दर किलोस 0.025 मिलिग्रॅमची भर पडते. सेंद्रिय पदार्थ कुजून संपतो, धातू संपत नाही. त्यामुळे वीस वर्षांत ही भर अर्ध्या मिलिग्रॅमवर जाते. तांब्याचा हिशेब बागाईतदाराला खटकेल, पण तो पाहावाच : त्याच खतातून वर्षाला 1.2 किलो तांबे पडते, तर एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकाच्या) एकरी 400 लिटरच्या एकाच फवारणीत 4 किलो मोरचूद, म्हणजे सुमारे 1 किलो तांबे असते.

गाळाबाबत माझे मत सावध आहे. ज्या गटारांत घरगुती सांडपाण्याबरोबर मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे पाणी मिसळते, तिथल्या गाळात निकेल, क्रोमियम, जस्त वाढलेले असू शकतात. प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल मिळत नसेल, तर गाळ फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मण्यांत हे धातू फारसे चढत नाहीत. पालक, मेथीसारख्या पालेभाज्या मात्र कॅडमियम सहज उचलतात, तेव्हा अशा बोदांवर त्यांचे आंतरपीक टाळावे. माती परीक्षणासाठी 0 ते 15, 15 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असे वेगवेगळे नमुने द्यावेत आणि डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने मातीतून निघणाऱ्या, म्हणजे पिकाला उपलब्ध असलेल्या धातूंबरोबर एकूण धातूही मोजून मागावेत, कारण चुनखडीच्या जमिनीत पहिला आकडा कमी दिसत असतानाच दुसरा वाढत असू शकतो.