'कॅम्प'ला 'भडक' म्हणू नये

प्रश्न असा आहे: अमेरिकन दिग्दर्शक जॉन वॉटर्सच्या चित्रपटांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना 'कॅम्प' (अतिरेकातून, नाटकी थाटातून गंमत देणारं) हे विशेषण पावलोपावली भेटतं. कोशात पाहावं तर 'छावणी', 'तळ', 'शिबिर'. मग 'भडक' किंवा 'बटबटीत' म्हटलं तर चालेल का? आणि थोडक्या पण हट्टी चाहत्यांच्या चित्रपटाला लावतात त्या 'कल्ट'ला 'पंथ' म्हणावं का?

'भडक' चालणार नाही. 'सोंगी' बऱ्याच ठिकाणी चालेल, तेही जपून. 'कल्ट' आहे तसाच राहू द्यावा.

छावणीचं आधी उरकून घेऊ. मूळ शब्दच ठेवून द्यावा असा मोह होतो, पण मराठीत ती जागा आधीच अडलेली आहे. 'कॅम्प सिनेमा' असं पुण्यात म्हटलं तर ऐकणारा 'कुठलं थेटर?' विचारील आणि उल्हासनगरात 'कितव्या नंबरचा कॅम्प?' इंग्रजीतल्या ह्या दुसऱ्या 'कॅम्प'ची व्युत्पत्ती पक्की नाही. जे. रेडिंग वेअर यांच्या १९०९ सालच्या बोलभाषेच्या कोशात तो अतिशयोक्त हावभाव ह्या अर्थाने नोंदलेला आहे आणि मूळ बहुधा फ्रेंच असावं, असं तिथे म्हटलं आहे. फ्रेंचमध्ये छावणीच्याच शब्दापासून 'ऐटीत पाय रोवून उभं राहणं' अशा अर्थाचं क्रियापद बनलं आहे. त्याच्याकडे बोट दाखवतात. गंमत अशी की आपल्याकडेही ठाणं म्हणजे मुक्कामाची, पहाऱ्याची जागा आणि ठाण म्हणजे उभं राहण्याची ढब. हा निव्वळ योगायोग. त्यावरून प्रतिशब्द घडवायला जाऊ नये, 'ठाणेरी चित्रपट' म्हटल्यावर लोक लोकल पकडतील.

आता अर्थ. इंग्रजी कादंबरीकार ख्रिस्तोफर इशरवूडच्या १९५४ च्या कादंबरीतलं एक पात्र ह्या शब्दाची फोड करतं. तिचा गाभा असा: जी गोष्ट आपण मनातून मानत नाही तिच्याबाबत 'कॅम्प' होता येत नाही, तिची टिंगल करायची नसते, तिच्यातून गंमत काढायची असते. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, अमेरिकन लेखिका सुझन साँटॅगने 'कॅम्प'वर ५८ टिपणांचा निबंध लिहिला आणि हा शब्द चारचौघांत आला. तिने त्यात दोन जाती पाडल्या, अजाणता घडलेलं आणि ठरवून केलेलं. अस्सल ते पहिलंच, असं तिचं मत. मराठी प्रतिशब्द शोधताना बहुतेक घोटाळे ही फाळणी विसरल्यामुळे होतात.

वाईट चित्रपटाला नावं ठेवायला मराठीत शब्दांची ददात नाही: टुकार, भिकार, गल्लाभरू, सवंग, हिणकस, पांचट, आचरट, हिडीस, ओंगळ. अडचण ही की यांतल्या बहुतेकांत निकाल आधीच लागलेला असतो. 'सवंग' हा 'समर्घ'वरून आला, म्हणजे 'महार्घ'वरून आलेल्या 'महाग'चा जोडीदार. साधा अर्थ स्वस्त. 'हिणकस' सराफी पेठेतला, कसाला हीन उतरलेल्या, भेसळीच्या सोन्याचा. 'बटबटीत' आजही डोळ्यांना लागतो, खोबणीतून बाहेर आल्यासारख्या. 'भडक' रंगाचा. हे सगळे वस्तूचा गुण सांगतात, खरं तर अवगुण. 'कॅम्प' हा शब्द वस्तूचा गुण सांगतच नाही. करणारा, केलेली वस्तू आणि पाहणारा यांच्यात काय व्यवहार चालला आहे ते सांगतो.

एक कसोटी लावून पाहा. 'चित्रपट बटबटीत असूनही आवडला' हे वाक्य विनाअडथळा वाचलं जातं. 'चित्रपट बटबटीत आहे म्हणून आवडला' म्हटलं की वाचणारा अडखळतो, छपाईची चूक असेल असं समजतो. 'असूनही' काढून तिथे 'म्हणूनच' बसवता आलं तर शब्द 'कॅम्प'च्या जवळचा. वरच्या यादीतून ह्या कसोटीला एकटा 'आचरट' बऱ्यापैकी उतरतो. 'अगदी आचरट आहे, म्हणून तर पाहायचा' असं आपण सहज म्हणतो. 'पांचट'सुद्धा उतरतो, पण कोट्यांपुरता. मात्र आचरटपणात वेष, रंगभूषा, ऐट यांचा वास नाही आणि 'कॅम्प' त्यांच्यावाचून जगत नाही. 'बी ग्रेड' तर बाजूलाच ठेवावं. तो निर्मितीखर्चाचा आणि वितरणाचा वर्ग आहे, वृत्तीचा नव्हे.

वॉटर्सचंच उदाहरण घेऊ, कारण प्रश्न त्याच्यावरून आला आहे. 'पिंक फ्लेमिंगोज' (१९७२) ह्या चित्रपटाचं नाव बागेत रोवायच्या गुलाबी प्लॅस्टिकच्या पक्ष्यांवरून आलं. हे पक्षी डॉन फेदरस्टोनने १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्लॅस्टिक कारखान्यासाठी घडवले. घरमालक हौसेने तो पक्षी हिरवळीवर रोवतो तेव्हा ते 'किच' (मनापासून मिरवलेली स्वस्त शोभा), आणि त्याला 'सवंग शोभा' म्हणायला हरकत नाही. तोच पक्षी वॉटर्स आपल्या नायिकेच्या चाकांवरच्या घरासमोर रोवतो तेव्हा ते 'कॅम्प'. प्लॅस्टिक तेच, रंग तोच. 'भडक' दोन्हीकडे लागू पडतो, म्हणजेच दोन्हींतला फरक सांगायला तो निकामी आहे.

नायिका डिव्हाइन, म्हणजे स्त्रीवेषातला वॉटर्सचा बाल्टिमोरमधला मित्र हॅरिस ग्लेन मिलस्टेड. रंगभूषाकार व्हॅन स्मिथने डिव्हाइनचे पुढचे केस डोक्याच्या मध्यापर्यंत भादरले होते, कारण मनात होती तेवढी डोळ्यांची रंगभूषा कपाळात मावेना. इथे 'बटबटीत' शब्दशः खरा ठरतो आणि तरीही अपुरा पडतो. कथेत 'जगातली सर्वांत घाणेरडी व्यक्ती' हा किताब डिव्हाइनकडे असतो, एक जोडपं त्यावर डोळा ठेवतं आणि लग्नातल्या मानपानावरून रुसावं तितक्या गांभीर्याने सगळे एकमेकांच्या जिवावर उठतात. शेवटी डिव्हाइन कुत्र्याची विष्ठा खाते, आणि ती खरोखरची होती. ह्या चित्रपटाला २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

ह्याला 'अभिरुचिहीन' म्हणणं हीही नेहमीची चूक. अभिरुची नसलेल्याला मर्यादा कुठे आहे तेच ठाऊक नसतं, मग तो ती नेमकी कुठे ओलांडणार? वॉटर्सने १९८१ च्या आपल्या पुस्तकात चांगली वाईट अभिरुची आणि वाईट वाईट अभिरुची असा भेद केला आहे. मराठीत 'सुरुची'ला 'कुरुची' हा जुना जोडशब्द पडून आहेच. 'जाणती कुरुची' म्हटलं की वॉटर्सचा भेद चार अक्षरं वाचवून मराठीत येतो.

अजाणता प्रकाराला मात्र नवा शब्द घडवायची गरजच नाही. संस्कृत काव्यशास्त्रातला 'रसाभास' तयार आहे. काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताचं उदाहरण रावणाचं: सीतेवरची त्याची प्रीती त्याच्यापुरती खरीखुरी, पण प्रेक्षकाला तो शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास दिसतो आणि त्यातून हास्य उपजतं. दिग्दर्शक एड वुडच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' ह्या भयपटात हेच होतं. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला. त्याची उरलेली दृश्यं वुडने पत्नीच्या कायरोप्रॅक्टरकडून (मणक्यावर उपचार करणाऱ्याकडून) करून घेतली, तोंडावर झगा धरायला लावून. दिग्दर्शकाला हवा होता भयानक रस, हाती आला भयानकाभास, प्रेक्षक हसला. टॉमी विसोच्या 'द रूम'ची (२००३) गोष्ट तीच: करायला गेले करुण नाटक, आणि आता भिंतीवरच्या चौकटीत चमच्याचं चित्र दिसलं की प्रेक्षक पडद्यावर प्लॅस्टिकचे चमचे फेकतात. असा मजकूर असेल तर बेधडक 'रसाभास' लिहावं. शास्त्री लोक कुरकुरतील, कारण शास्त्रात आभासाचं कारण अनौचित्य आहे, अकौशल्य नव्हे. ती कुरकुर रास्त आहे, पण शब्द वाकतो, मोडत नाही.

ठरवून केलेल्या प्रकारासाठी 'सोंग'. हा हिंदीतल्या 'स्वांग'चा भाऊबंद आणि 'कॅम्प'ला लागणारं जवळजवळ सगळं सामान त्याच्या पोटात आहे. वेष आहे. अतिशयोक्ती आहे. 'हे काय सोंग करून आलास?' ह्या प्रश्नात हेटाळणी आणि कौतुक इतकं मिसळलेलं असतं की वेगळं काढता येत नाही. आणि मुख्य म्हणजे सोंग हे सोंग असल्याचं दोन्ही बाजूंना माहीत असतं. 'ढोंग' लपवतं, 'सोंग' मिरवतं. ('झोपेचं सोंग' हा अपवाद आहे, तो मान्य.) विशेषण म्हणून 'सोंगी'ही नवा नाही, सोंगी भारूड, सोंगी मुखवटे हे प्रयोग रुळलेले आहेत. त्याचं रूप बदलत नाही: सोंगी चित्रपट, सोंगी नटी, सोंगी संवाद. क्रियापद हवं असेल तर 'सोंग आणणं', 'सोंग वठवणं'. 'सोंगीपणा' टाळावा, कानाला खडा लागतो. तिथे 'सोंगाची हौस' लिहावं.

'वठणं' हे क्रियापद इथे फार उपयोगी आहे, कारण ठरवून केलेलं 'कॅम्प' कुठे फसतं ते त्यात आलं आहे. सोंग वठतं किंवा वठत नाही. नट मधेच प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारू लागला, 'बघा, आम्ही मुद्दाम वाईट करतोय' असं सुचवू लागला, की सोंग उतरलं. उरतो तो पांचटपणा. हल्ली मुद्दाम टुकार म्हणून काढलेले पुष्कळ चित्रपट ह्याच कारणाने कंटाळवाणे होतात.

भाषांतरात हीच चूक शब्दांच्या निवडीत होते. खालच्या गोष्टीला खालचाच शब्द वापरला की मजा गेली. वॉटर्सच्या 'पॉलिएस्टर'मध्ये (१९८१) प्रेक्षकाला एक पत्रिका देत, तिच्यावर १० आकडे. पडद्यावर आकडा चमकला की तो ठिपका खरवडून हुंगायचा. पहिला वास गुलाबाचा, दुसरा पादाचा. इथे 'पाद' लिहिलं तर नुसतं ओंगळ होतं. 'क्रमांक २ : अपानवायू' असं सरकारी पत्रकाच्या थाटात लिहिलं तर सोंग वठतं. तसंच 'सर्वांत घाणेरडी व्यक्ती'च्या किताबाचं: त्याला मानपत्राची भाषा द्यावी. भरताने हास्याची कारणं मोजताना विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य, असत्प्रलाप अशी यादी दिली आहे, तीही त्याच गंभीर चेहऱ्याने.

एका बाबतीत मात्र कडक राहावं. 'कॅम्प' हा शब्द इंग्रजीत मुख्यतः समलिंगी पुरुषांच्या आपसांतल्या बोलीतून वर आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांचे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. उघड बोलायची सोय नसताना नखऱ्यातून ओळख पटवणं हा त्या शब्दाचा जुना उपयोग. म्हणून 'बायकी', 'बायल्या', 'नाच्या' हे पर्याय वापरू नयेत. सभ्यतेचा मुद्दा आहेच, पण अर्थही उलटतो: सोंगात हसू सोंग घेणाऱ्याच्या हातात असतं, 'बायल्या'मध्ये ते त्याच्यावर फेकलेलं असतं. तमाशातला 'नाच्या' तर मुळात भूमिकेचं नाव, त्याची शिवी नंतर झाली.

मग दादा कोंडके 'कॅम्प' का, असं पुढे कुणीतरी विचारणारच. नाही. लोंबती नाडी आणि ढगळ चड्डी हे सोंगच आहे, 'सोंगाड्या' (१९७१) ह्या नावातच ते कबूल केलं आहे, पण तिथे गंमत द्व्यर्थी संवादाच्या नेमक्या फेकीत आहे आणि प्रेक्षक त्या कारागिरीला दाद देतो. त्याला 'चावट' हा पुरेसा आणि अचूक शब्द आहे. कांती शहांचा हिंदी 'गुंडा' (१९९८) ह्याहून अवघड प्रकरण. यमक जुळवून स्वतःची ओळख करून देणारे खलनायक तिथे इतक्या निर्विकारपणे उभे असतात की रसाभास की सोंग हे ठरत नाही. असा पेच आला तर 'आचरट' लिहून मोकळं व्हावं.

राहिला 'कल्ट'. 'पंथ' म्हटलं की महानुभाव, नाथ असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. शिवाय मराठी लिखाणात 'कल्ट' हल्ली कुठल्याही लाडक्या जुन्या चित्रपटाला लावतात, तेही खटकतं. सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ असलेला 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कल्ट कसा होईल? कल्टला थोडकी पण हट्टी माणसं लागतात, त्याच खेळाला पुन्हा पुन्हा जाणारी. 'मध्यरात्रीच्या खेळांचे वारकरी' हे वर्णन म्हणून छान बसतं, संज्ञा म्हणून नाही. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ चा. न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थेटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ १ एप्रिल १९७६ ला सुरू झाले. हे वारकरी लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळतात, पावसाच्या प्रसंगाला डोक्यावर वर्तमानपत्र धरतात आणि पडद्यावर कुणी 'टोस्ट' सुचवला की भाजलेले पाव फेकतात. तांदळाला 'अक्षता' लिहून चालेल. पेला उंचावणं आणि पाव भाजणं ह्या दोहोंना मिळून मराठीत एक शब्द नाही, त्या पावांसाठी तळटीपच द्यावी.