‘तू हाईस की’ म्हणणाऱ्या आई-बाबांशी कसं बोलू?

पत्र: माझ्या ३२ वर्षांच्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बौद्धिक वाढ कमी. तो आई-बाबांसोबत कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतो. रोज सकाळी तालमीच्या कट्ट्यापर्यंत एकटा जाऊन येतो, गल्लीत सगळे त्याला नावानं ओळखतात. मी लग्नानंतर पुण्यात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय ७१. आईचे गुडघे गेलेत. ‘त्याचं पुढं काय?’ असं विचारलं की आई म्हणते, ‘तू हाईस की.’ बाबा चिडतात, ‘आम्हाला आत्ताच पोचवायला निघालीस काय?’ आता घर माझ्या नावावर करतो म्हणतात. माझ्या दोन खोल्यांत सासूबाई, नवरा, दोन मुलं. भाऊ मला जड नाही, पण हे जमेल असं वाटत नाही. मी स्वार्थी आहे का? — एक बहीण

ताई,

स्वार्थी माणूस हा प्रश्न विचारत नाही. तो गप्प बसून घर नावावर करून घेतो. तेव्हा तेवढं आधी मनातून काढा.

भावाजवळ राहणं, त्याचा पैसा बघणं आणि त्याच्या वतीनं सही करणं ही तीन वेगळी कामं आहेत. आईच्या एका वाक्यानं तिन्ही तुमच्या एकटीवर आली. ती वेगवेगळ्या माणसांकडं देता येतात, आणि द्यायलाच हवीत. एकटीवर सगळं ठेवलं आणि उद्या तुम्हीच अंथरुणाला खिळलात, तर त्याला कोण?

राहण्याचं बघू. तालमीचा कट्टा आणि नावानं हाक मारणारी गल्ली त्यानं एवढ्या वर्षांत कमावलीय, ती पुण्यात मिळायची नाही. आई-बाबा गेले त्याच महिन्यात पेठही सुटली, तर त्याच्यावर दोन घाव एकदम बसतील. त्यामुळं माझं स्पष्ट मत, त्याचं पुढचं आयुष्य शक्यतो कोल्हापुरातच असावं. पगारी माणूस ठेवून घरीच, जवळच्या नातेवाइकाकडं किंवा एखाद्या निवासी संस्थेत. शेंडा पार्कात ‘चेतना’ ही बौद्धिक अक्षम मुलांसाठी काम करणारी संस्था आहे. तिथं जाऊन कार्यकर्त्यांना आणि मुख्य म्हणजे इतर पालकांना भेटा. कुठली सोय कशी आहे, हे पालकांइतकं खरं कोणी सांगत नाही.

आणि त्याला विचारा. त्याच्याबद्दल सगळे बोलतात, त्याच्याशी कोणी बोललंय का? फोटो दाखवून विचारा, ‘इथं राहशील? कोणाबरोबर?’ आई-बाबा धडधाकट आहेत तोवरच मावशीकडं एक रात्र, मग दोन, अशी सवय लावा. आईशिवायची पहिली रात्र आईच्या मृत्यूची रात्र असू नये.

आईला एक वही द्या. त्याला काय खाल्लं की त्रास होतो, कशाची भीती वाटते, ताप आला की तो कसं सांगतो, केस कोणाकडं कापून घेतो, गोळ्या कुठल्या, हे सगळं आज फक्त तिच्या डोक्यात आहे. ती सांगेल, तुम्ही लिहा. डाऊन सिंड्रोम असलेली माणसं चांगले उपचार मिळाल्यावर आता साठीपर्यंत जगतात, पण म्हातारपण त्यांना लवकर गाठतं. थायरॉइड, ऐकू येणं, पुढं विसरभोळेपणा, यांवर लक्ष ठेवायला जुनी माहिती लागते.

घर तुमच्या एकटीच्या नावावर नको. उद्या तुमचं काही झालं तर ते तुमच्या नवऱ्याकडं आणि मुलांकडं जाईल, तुम्ही बाबांना दिलेला शब्द कायद्याला माहीत नसतो. वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या. त्यातून घर आणि ठेवी भावासाठीच्या खाजगी ट्रस्टमध्ये जाव्यात. विश्वस्त दोन-तीन असू देत: तुम्ही, आणि तुमच्यापेक्षा लहान एखादं चुलत-मावस भावंड. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, असं बाबा समजत असतील तर तोही गैरसमज दूर करा.

सहीचं काम पालकत्वाचं. १८ वर्षं पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेक घरांत माहीतच नसतं. बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. पालक खरंच लागतो का आणि कशाकशापुरता, हे समितीनं तपासायचं असतं. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढं दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हयगय केली तर त्याला काढताही येतं. म्हणून घाबरू नका, हा पहारा तुमच्या भावाच्या बाजूचा आहे. याच कायद्याखालच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, तोही काढा.

आता बाबांशी बोलायचं कसं. ‘तुमच्यानंतर’ हे शब्द काढूच नका. पेन्शनपासून सुरुवात करा. सरकारी नोकरीत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला कागदाचं महत्त्व सांगावं लागत नाही. कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आई-वडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि अपंगत्वाचा दाखला पेन्शनच्या कागदांत बाबांनी स्वतः, आत्ताच नोंदवलेला बरा. मागाहून हेच करायला किती खेटे घालावे लागतात, हे त्यांना तुमच्याहून जास्त ठाऊक असेल. दाखला जुना असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयातून नवा, यूडीआयडी कार्डासह, म्हणजे अपंग व्यक्तीच्या सरकारी ओळखपत्रासह. त्या कामाला बाप-लेक दोघं मिळून जा.

मग विचारा, ‘आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तर ते पंधरा दिवस दादाजवळ कोण?’ याचं उत्तर बाबांना द्यावंच लागेल, आणि त्यात मरणाचा विषय नाही. बोलताना नवऱ्यालाही सोबत बसवा. तुम्ही काय कराल आणि काय करणार नाही, ते त्याच बैठकीत सांगून टाका: पैशाचा हिशेब मी बघेन, दर महिन्याला येईन, आजारपणात धावेन, पण चोवीस तास जवळ राहणं माझ्याच्यानं होणार नाही. आई रडेल. रडू दे, पण तुमचं वाक्य मागं घेऊ नका. तिनं ते आज ऐकलं, तरच तिसऱ्या माणसाचा शोध आज सुरू होईल.