पॉइंट कमी आहेत, मग स्काउट येतील का?

कॅनडातल्या मिसिसागाहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आइस हॉकीत लेफ्ट विंगला (डाव्या बाजूचा आक्रमक) खेळतो, तरुणांच्या ऑन्टारिओ हॉकी लीगमधला (ओएचएल) हा त्याचा तिसरा हंगाम. नोव्हेंबरात १८ पूर्ण होतील आणि येत्या जूनमध्ये एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, जिथे क्लब तरुण खेळाडू निवडतात. ड्राफ्टचे उमेदवार जोखणाऱ्या सेंट्रल स्काउटिंगच्या पहिल्या यादीत त्याला ‘सी’ मिळाला आहे. कोच तिसऱ्या लाइनमध्ये (आक्रमकांची कमी वेळ खेळणारी तिकडी) खेळवतात, त्यामुळे पॉइंट (गोल आणि गोलाला दिलेली साथ, म्हणजे असिस्ट, मिळून) फारसे नाहीत. यजमान म्हणतात, बारावी झाली आहे, यंदा कोर्स-बिर्स नकोत. गोलांचा व्हिडिओ करून सगळ्या क्लबांना पाठवू. क्लबांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट नेमकं काय बघतात आणि आम्ही काय करावं, असं त्या विचारतात.

ताई, त्या ‘सी’ने खचू नका. ‘ए’ म्हणजे पहिल्या फेरीचा उमेदवार, ‘बी’ दुसऱ्या-तिसऱ्या, ‘सी’ चौथ्या-पाचव्या. जानेवारीत आणि एप्रिलमध्ये क्रमवारी पुन्हा लागते. शिवाय सेंट्रल स्काउटिंग हे लीगचं खातं. मुलं निवडतात ते ३२ क्लब, आणि प्रत्येकाची यादी वेगळी असते. सात फेऱ्यांत मिळून २२४ नावं. ‘सी’ म्हणजे त्याला बघायला माणसं येणार, इतकंच समजा.

नोव्हेंबरच्या जन्मामुळे एक वर्ष जास्त मिळालं हे नशीबच, असं तुम्ही लिहिता. मला तसं वाटत नाही. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण करणारी मुलं त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र ठरतात, म्हणून त्याचा गेला जून हुकला. आता त्याची तुलना ज्यांच्याशी होणार त्यांतली बरीच मुलं ओएचएलच्या दुसऱ्याच हंगामात आहेत, वयानंही काही महिन्यांनी लहान. हा हिशेब स्काउटच्या डोक्यात पक्का असतो. याचं अंग भरलेलं आहे, आता अजून किती वाढणार, असा प्रश्न तो विचारणारच. नुसत्या आकड्यांवर तुमचा मुलगा त्यांना पटणार नाही.

मग काय बघतात? पाऊण मिनिटाच्या शिफ्टमध्ये (बर्फावरची एक पाळी) विंगरच्या काठीवर पक (रबरी चकती) असतो तो जेमतेम काही सेकंद. बाकीचा वेळ स्काउट त्याच्यावरच नजर ठेवून असतो. पक कुठे गेला याकडे त्याचं लक्षही नसतं. आपल्या झोनमध्ये मैदानाच्या कडेच्या फळीला लागून उभं असताना पास येतो आणि समोरचा डिफेन्समन अंगावर धावून येतो. पक पोचण्याआधी मुलानं मान वळवून मागे पाहिलं का? धक्का खाऊन पक बाहेर काढला, की घाबरून मधोमध फेकला? फोरचेकला (समोरच्यांच्या झोनमध्ये पक हिसकावताना) सरळ अंगावर जातो, की वाकडी वाट धरून समोरच्याला एका बाजूला कोंडतो? पक हरवल्यावर जागच्या जागी थांबून उलटा फिरतो, की मोठं वळण घेत रमतगमत येतो? ते पहिले तीन स्ट्राइड बघून स्काउट वहीत काहीतरी लिहितो, आणि स्टँडमधल्या आईबाबांना वाटतं की या शिफ्टमध्ये काही घडलंच नाही.

पॉइंटही बघतात, पण सोलून. किती पॉवर प्लेवर (समोरच्यांचा खेळाडू शिक्षेमुळे कमी असताना) आले, किती पाचास पाच खेळताना, किती नुसते दुसरे असिस्ट (गोलाच्या पासआधीचा पास), बरोबर कोण होतं, बर्फावर मिनिटं किती मिळाली. तिसऱ्या लाइनच्या मुलाला पॉवर प्ले मिळत नसेल तर त्याचे आकडे कमीच दिसणार, हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणूनच गोलांच्या व्हिडिओला मी नाही म्हणते. क्लबांकडे पूर्ण सामन्यांचं चित्रण असतंच. बापानं निवडलेले बारा गोल बघायला त्यांना वेळ नाही, आणि बाप फार पुढे-पुढे करतो ही नोंद मात्र होते. त्यापेक्षा मुलानंच कोचला विचारावं, पेनल्टी किलला (आपला खेळाडू शिक्षेमुळे कमी असताना बचावाला) घ्याल का? तिथे त्याचं खरं कसब दिसेल.

चौकशीही होते, स्थळ बघताना करतात तशी. कोच, शाळेतले शिक्षक, हंगामात तो ज्या घरी राहतो ते कुटुंब, सगळ्यांना फोन जातात. सामना हरल्यावर बेंचवर कसा बसतो, हेही विचारतात.

जूनच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बफेलोला ड्राफ्टच्या उमेदवारांच्या शारीरिक चाचण्या होतात. बोलावणं आलं तर उत्तम, नाही आलं तर निवड अडत नाही. २०१४च्या चाचणीत सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नव्हता, त्याची तेव्हा खूप चेष्टा झाली. तरी तो ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, आणि २०२५ मध्ये प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता कोर्सबद्दल, आणि इथे मी यजमानांच्या पूर्ण विरोधात आहे. ड्राफ्ट हा एकच रस्ता नाही. अर्शदीप बैन्स २०२१-२२ मध्ये ओएचएलसारख्याच, पश्चिमेच्या डब्ल्यूएचएलमध्ये सर्वाधिक पॉइंट मिळवणारा खेळाडू होता, पण ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. एनएचएलच्या व्हॅन्कुव्हर क्लबनं नंतर करार दिला. मार्टिन सेंट लुईला तर ठेंगणा म्हणून सगळ्यांनी वगळलं. तो व्हरमाँट विद्यापीठातून आला आणि पुढे दोनदा एनएचएलमधला सर्वाधिक पॉइंटचा मानकरी झाला. विद्यापीठाचा तो रस्ता तुमच्या मुलाला कालपर्यंत बंद होता. ओएचएल खेळलेल्यांना अमेरिकेतल्या एनसीएए डिव्हिजन १ मध्ये (विद्यापीठांच्या स्पर्धांची सर्वांत वरची श्रेणी) खेळता येत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला.

तेव्हा यंदा दोन कोर्स अर्धवेळ घेऊ द्या, गणित सोडू देऊ नका. पूर्णवेळ प्रवेश मात्र घाईनं नको, कारण त्यानं एनसीएएच्या पात्रतेची वर्षं मोजली जाऊ लागतात. जी दोन-तीन विद्यापीठं मनात आहेत त्यांच्याकडून हे लेखी विचारून घ्या. ओएचएलच्या करारातली शिष्यवृत्ती किती वर्षांची, ती कधीपर्यंत वापरायची आणि व्यावसायिक करारावर सही केली तर तिचं काय होतं, ही तीन कलमं यजमानांनी या आठवड्यात वाचून काढावीत. व्हिडिओपेक्षा ते काम निकडीचं आहे.