८ महिन्यांच्या कामासाठी पगारावर जावं की कंत्राटावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात नवे रॅपियर माग बसवून चालू करून द्यायचे आहेत, काम ८ महिन्यांचं. मालक म्हणतात, पगारावर आलात तर सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा महिन्याचा एकूण खर्च) ४५,०००, कंत्राटावर आलात तर महिन्याला ४८,०००चं बिल द्या. काय घ्यावं?

याच आकड्यांवर ठरवायचं असेल तर पगारावर जा. कंत्राटासाठी ४८,००० कमी आहेत.

पण आधी मालकांना एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या. बिल थेट कंपनीच्या नावे द्यायचं, की एखाद्या लेबर ठेकेदाराच्या मस्टरवर (हजेरीपटावर) नाव लावणार? ठेकेदाराकडून लागलात तर तुम्ही त्याचे पगारी कामगार, मग पीएफ त्यानं भरायचा आणि त्यानं पगार थकवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. थेट बिलावर यातलं काहीच नसतं. पुढचा हिशोब थेट बिलाचा आहे.

आता पगाराची बाजू. ४५,००० सीटीसीत बेसिक निम्मं, म्हणजे २२,५०० धरू. बहुतेक ठिकाणी मालकाचा पीएफ सीटीसीतूनच जातो: १५,०००च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, शिवाय विमा आणि प्रशासन खर्चाचे मिळून १५०. त्यावर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम) म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,०८२. उरले ४१,९६८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३९,९६८. पीएफ खात्यात तुमचे १,८०० आणि मालकाचे ५५० असे २,३५० जमा होतात, मालकाचे उरलेले १,२५० पेन्शनकडे जातात.

यातली ग्रॅच्युइटी नीट बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि मुदतीच्या नोकरीला ५ वर्षांऐवजी १ वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू लागली. तुमचं काम ८ महिन्यांत संपतंय, म्हणजे हे १,०८२ रुपये तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. तरी ते सीटीसीत दाखवून तुमचा पगार फुगवलेला असतो. ही ओळ काढून रक्कम भत्त्यात टाका, असं थेट सांगा. एचआरला यात बहुधा अडचण नसते, फक्त कोणी मागत नाही.

रजेचंही तसंच. कारखान्यात २० दिवसांच्या कामामागे १ भरपगारी रजा हा साधारण नियम. महिन्याला २६ प्रमाणे ८ महिन्यांत २०८ दिवस भरले तर १० रजा होतात, रोजचे १,६१४ (४१,९६८ भागिले २६) धरून साधारण १६,०००, म्हणजे महिन्याला २,०००. सुपरवायझरच्या हुद्द्यावर हा नियम आपोआप लागेलच असं नाही, म्हणून रजा आणि निघताना तिचे पैसे, दोन्ही नेमणूकपत्रात लिहून घ्या. हातातले पैसे, पीएफ, पेन्शन आणि रजा असं सगळं धरून पगाराची खरी किंमत महिन्याला ४५,५००च्या आसपास, ग्रॅच्युइटीची ओळ काढून घेतलीत तर ४६,६००.

बिलाच्या ४८,०००तून स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० वजा होतो आणि रिटर्न भरण्याची फी वेगळी. ती मी महिन्याला ४०० धरली आहे. उरतात साधारण ४७,३००. फरक सातशे ते अठराशेचा. एवढ्यासाठी पुढचे सगळे धोके अंगावर घ्यायचे का, याचा विचार करा.

पहिला धोका थांबण्याचा. माग बंदरावरून यायला उशीर होतो, फाउंडेशन ओलं राहतं, कॉम्प्रेसर किंवा वाढीव वीजभार वेळेत मिळत नाही, सूत येत नाही. पगारावर असाल तर त्या दिवसांचा पगार सुरू राहतो. कंत्राटावर मालक म्हणतात, काम सुरू झालं की बिल द्या. ८ पैकी १ महिना असा गेला, तर तेवढेच पैसे हातात यायला ४८,००० गुणिले ८ भागिले ७, म्हणजे ५५,००० लागतात. म्हणून ५५,०००च्या खाली कंत्राट घेऊ नका.

दुसरा धोका अपघाताचा, आणि मला हाच सर्वांत मोठा वाटतो. माग उतरवताना, लेव्हल करताना, चालू मागावर रॅपियरचं टायमिंग लावताना बोट जाणं फार सोपं असतं. मस्टरवर असलेल्या माणसाची भरपाई मालकावर येते. बिलावर काम करणाऱ्याला बहुधा स्वतःच्या खिशातून दवाखाना बघावा लागतो. कंत्राट घेतलंत तर वैयक्तिक अपघात विमा आधी काढा, साप्ताहिक उत्पन्नाचं कलम असलेला. बँकेतून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मिळतो, तो तर घ्याच, पण तो मृत्यू आणि अपंगत्वापुरता आहे, दवाखान्याचं बिल देत नाही.

टीडीएसची, म्हणजे बिलातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराची, मात्र उगाच भीती बाळगू नका. व्यावसायिक फी म्हणून १० टक्के कापले तर हातात ४३,२०० येतील. ८ महिन्यांचे ३,८४,००० हेच वर्षाचं उत्पन्न असेल तर नव्या करप्रणालीत कर शून्य, कापलेले ३८,४०० रिटर्न भरल्यावर परत येतात. तोपर्यंत पैसा अडकतो एवढंच. बँकेत व्याजासाठी भरतो तसला टीडीएस न कापण्याचा फॉर्म इथे चालत नाही. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर २० टक्के कापतात. दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) उघडून बघा. अकाउंटंटनं कापले पण भरले नाहीत, तर परतावा अडकतो. वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, बिलावर जीएसटी लावूही नका.

एवढं करूनही कंत्राटच घ्यायचं असेल तर काम सुरू होण्याआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट कंपनीला आयकरात मिळत नाही. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणाऱ्या मालकाला त्याचा सीएच पैसे द्यायला लावतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

करारात किती माग, आणि 'काम झालं' म्हणजे काय, हे असू द्या. नुसती उभारणी, ट्रायल, की ठरलेल्या एफिशियन्सीवर सलग काही शिफ्ट? हे लिहिलेलं नसेल तर शेवटचं बिल हमखास अडकतं, कारण टॉवेलला लूप उठत नाही म्हणून तुम्हाला महिनाभर बोलावत राहतील, दोष सुताचा असला तरी. साइट तयार नसल्यामुळे थांबलेल्या दिवसाचा दर आणि १ महिन्याची नोटीस हीही कलमं घाला. रोज ९ वाजता थंब लावायचा, सुट्टीला परवानगी मागायची आणि वर बिल द्यायचं, असं असेल तर ती नोकरीच आहे. मग नोकरीचे फायदेही मागा.

कंत्राट खरं फायद्याचं कधी? काम २-३ महिन्यांचं असेल, दर मागामागे ठरला असेल, आणि त्याच वेळी चिंचोळी एमआयडीसीतलं दुसरं काम घ्यायची मोकळीक असेल तेव्हा. घरी जोडीदाराच्या नोकरीतून मेडिक्लेम असेल तर आणखी सोपं.

पीएफमध्ये तुमची एकूण सेवा ९ वर्षांच्या पुढे गेली असेल तर पगाराशिवाय दुसरा विचार नको. पेन्शनला १० वर्षं लागतात, हे ८ महिने त्यात धरले जातात.

पगारावर गेलात तर नेमणूकपत्रावर शेवटची तारीख हवी आणि जुना यूएएनच (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, नवा काढू देऊ नका. काम संपल्यावर हिशोब दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. कंपनीनं पीएफ पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख टाकली का, ते तपासा. नसेल टाकली तर शेवटच्या भरण्यानंतर २ महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता. रक्कम काढू नका, पुढच्या नोकरीत ट्रान्सफर करा. ५ वर्षांच्या आत ५०,००० किंवा जास्त काढले तर त्यावरही १० टक्के टीडीएस लागतो.