खांदेरी बेटावर दीपगृह कोणी आणि का बांधले?

अलिबागजवळील थळच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात दिसणाऱ्या खांदेरी बेटावर दीपगृह कोणी आणि का बांधले, असे आपण विचारले आहे. ते १८६७ मध्ये ब्रिटिश राजवटीत बांधले गेले आणि त्याचा अष्टकोनी मनोरा सुमारे २५ मीटर उंच आहे. मात्र ‘का’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि माझ्या मते तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे.

मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेस असलेल्या या बेटावरून बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवता येते. हे ओळखूनच शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू केले. इंग्रज व जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या विरोधामुळे ते थांबले. १६७९ मध्ये मराठा आरमाराचे अधिकारी मायनाक भंडारी यांनी ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आरमार पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु त्यांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती, तर मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून रसद पोहोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब (एक प्रकारचे लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती पडली आणि किल्ला उभा राहिला. पुढे १७१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या काळातही इंग्रजांचा हल्ला फसला.

१८१८ मध्ये मराठेशाही संपली आणि खांदेरी इंग्रजांकडे गेली. ज्या बेटाची मुंबईने इतकी वर्षे धास्ती घेतली, तेच आता जहाजांना खुणेसाठी हवे होते, आणि किल्ल्याची उंच जागा दिव्यासाठी आयतीच मिळाली.

मी बेलापूरला राहतो. न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगा रोज पाहताना, ते वाहून नेणारी सारी जहाजे बंदराच्या त्याच तोंडातून आत येतात हे मला आवर्जून आठवते.

आता या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, तसेच २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसोबत खांदेरीचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. आपण तेथे गेलात, तर कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर आणि ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा खडक अवश्य पाहावा. तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफाही आहेत.