वही तोलून घ्या

वाचकांचे प्रश्न, उत्तरं नव्या पेठेतल्या एका वहीवाल्याची

मागच्या अंकात संपादकांनी एकच ओळ छापली होती: शाळेसाठी, कचेरीसाठी वह्या ठोक घेताना अडत असेल तर विचारा. पत्रं आली ती पिशवीभर. मी ३४ वर्षं सोलापुरात नव्या पेठेत वह्या विकल्या. आता गल्ल्यावर पोरगा बसतो आणि मी दाराजवळच्या खुर्चीवर. गिऱ्हाइकांना सल्ले देऊन त्याचा धंदा बुडवतो म्हणून तो कुरकुरतो. तेव्हा इथं लिहिलेलं बरं.

आमची पहिली ते चौथीची शाळा, पट १८०. बऱ्याच मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर जातात. एका दात्यानं वह्यांसाठी रक्कम दिली आहे. तेवढ्यात प्रत्येकाला २०० पानी तीन वह्या बसतात किंवा १०० पानी पाच. शिक्षकांत दोन तट पडलेत. काय घ्यावं?
— मुख्याध्यापिका, अक्कलकोट रस्ता

बाई, दोन्ही तट बाजूला ठेवा आणि शाळेचं कपाट उघडा. गेल्या वर्षीच्या वह्या असतील तर प्रत्येक वर्गातल्या पाच पोरांच्या काढा आणि मागची कोरी पानं मोजा. माझ्याकडून दरवर्षी सरसकट २०० पानी नेणाऱ्या एका शाळेत मी हे हट्टानं करायला लावलं होतं. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या वहीत ७० पानंसुद्धा भरलेली नव्हती. गणिताच्या वह्या मात्र भरून वर दोन-दोन पुरवण्या जोडलेल्या. म्हणजे पैसे गेले ते कोऱ्या पानांत, आणि पोरं गणिताला घरून जुन्या वह्या आणत होती. तुमच्याकडे गणिताला दोन बारक्या आणि बाकीच्या विषयांना एकेक अशी वाटणी कदाचित बसेल, पण ती कपाट सांगेल, मी नाही. एक जपा. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच लिहायला कोरी पानं घातली होती, ती २०२५-२६ पासून काढली. त्या दोन वर्षांतल्या वह्या कमी भरलेल्या दिसतील. तो आकडा धरलात तर यंदा दिवाळीतच वह्या संपतील.

आता वजन. लहान आकाराची वही, म्हणजे २४ सेंटिमीटर उंच आणि १८ रुंद, ५८ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ५८ ग्रॅम भरणाऱ्या) कागदाची घेतली तर एक कागद साधारण अडीच ग्रॅम भरतो. २०० पानी वहीत कागद १००. कव्हर धरून वही झाली पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. वर्गपाठ-गृहपाठ मिळून अशा सहा वह्या म्हणजे दीड किलोच्या वर, आणि अजून पुस्तक, डबा, पाण्याची बाटली व्हायचीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलंय. २० किलोच्या पोराला दोन किलो. ते निम्म्याहून जास्त नुसत्या वह्यांनीच खाल्लं. १०० पानी सहा वह्या किलोच्या आत बसतात.

बारक्या वहीचा आणखी एक गुण पालक सांगतात. वही हरवली, भिजली, धाकट्यानं फाडली तरी अर्ध्याच वर्षाचं नुकसान होतं. आणि नोव्हेंबरात नवी वही हातात आली की अक्षर चार दिवस तरी सुधारतं!

तेव्हा माझं मत १०० पानीच्या बाजूनं. पण 'शंभर पानी' म्हणजे काय ते आधी दुकानदाराकडून वदवून घ्या. आपण पान म्हणतो ते कागदाला, धंद्यात मोजतात त्या बाजू. १०० पानी वहीत कागद ५०. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण कव्हरच्या मागं बारीक अक्षरांत पुष्कळदा लिहिलेलं असतं की पानांच्या संख्येत कव्हर आणि अनुक्रमणिकाही धरली आहे. मग आत उरले ४८ कागद, त्यातला एक अनुक्रमणिकेचा. हे लिहून विकतात, त्यात लबाडी नाही. पण दुसरा दुकानदार खरे ५० देत असेल आणि डझनाला चार रुपये जास्त सांगत असेल, तर तो महाग नाही.

मोजायची सोपी रीत आहे. वही मधोमध उघडा, जिथं पिना दिसतात. तिथून एका बाजूचेच कागद मोजा आणि चारनं गुणा. २५ आले तर पुरी शंभर.

मी हे शिकलो ते १९९६ च्या जूनमध्ये, चांगलं तोंड भाजून. एका फिरत्या एजंटाकडून ४० डझन वह्या स्वस्तात उचलल्या. कव्हर असं चकचकीत की मीच भुललो. पहिल्याच दिवशी एक मास्तर आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यावर वही उघडून मोजायला बसले. २२ आले. म्हणजे ८८ पानं. मास्तर काही बोलले नाहीत, वही माझ्याकडे सरकवली आणि गेले. तो माल मी वर्षभर 'रफ' म्हणून विकत बसलो. एजंट पुन्हा दिसला नाही.

तेव्हापासून मी वही तोलून घेतो. रद्दीवाला ज्या काट्यावर वही घेतो, त्याच काट्यावर ती विकत घ्यावी. वरच्याच मापाची १०० पानी वही, खरे ५० कागद, ५८ जीएसएम असेल तर कव्हर सोडून डझनाला दीड किलो भरेल. ५० जीएसएमचा पातळ कागद असेल तर १ किलो ३०० ग्रॅम. कव्हरचे डझनाला साधारण २०० ग्रॅम दोन्हीकडे मिळवा. सांगितलं ५८ आणि काट्यावर दीड किलोच आलं, तर कुठंतरी कागद पातळ झालाय नाहीतर पानं गळालीत. दहा-वीस ग्रॅम इकडंतिकडं सोडून द्या, कागद दमट हवेत ओल धरतो. पण दीडशे ग्रॅम म्हणजे हवा नव्हे. आपण सोलापूरकर चादर घेताना हातावर तोलून बघतो की, मग वहीला काय लाज?

कागद कसा ते काटा सांगणार नाही, त्याला लेखणी लागते. नमुन्याच्या वहीवर जेल पेननं चार ओळी जोर देऊन लिहा, एका जागी टोक दोन सेकंद टेकवून ठेवा, मग पान उलटा. शाई फुटली किंवा मागं उमटली तर तो कागद नको. पहिली-दुसरीची पोरं पेन्सिलीनं लिहितात, त्यांच्यासाठी उलटी परीक्षा: त्याच जागी तीनदा लिहून तीनदा खोडा. कागदाचा भुसा निघाला की समजा, महिन्याभरात भोकं पडणार. फार पांढराशुभ्र कागद चांगला असतोच असं नाही. किंचित पिवळट क्रीमवोव्ह कागदावर पोरं वर्षभर मजेत लिहितात.

रेघांचा हिशेब वर्गशिक्षिकांकडून लिहून घ्या. मराठीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी, गणिताला चौकटी, बाकीला एकरेघी. सगळीकडे एकरेघी घेतली की डझनाचा भाव जरा बरा मिळतो, पण पहिलीच्या पोराच्या वेलांट्या छताला टेकतात.

आणि मागणी मार्च-एप्रिलमध्ये नोंदवा. १० जूनला आलात तर राहिलेलं मिळेल, सांगितलेलं नाही.

आमच्या पतसंस्थेत २५ कर्मचारी. दरवर्षी जाड डायऱ्या देतो, त्या घरी जातात आणि किराण्याचा हिशेब लिहायला लागतात. त्याऐवजी पातळ वह्या द्याव्यात का? आणि बिलात कुठं कर लागतो, कुठं नाही, याचा गोंधळ आहे.
— व्यवस्थापक, सोलापूर

साहेब, डायरीवर तारीख छापलेली असते म्हणून ती १ जानेवारीला चालू होते आणि माणसाचा उत्साह संपला की मरते. वहीवर तारीख नसते. ७२ किंवा १०० पानी वह्या कपाटात ठेवा, संपली की जुनी दाखवून नवी न्या असा नियम करा. मीटिंगला एक, वसुलीला फिरणाऱ्याला एक. खिशात किंवा गाडीच्या डिकीत मावेल असा आकार घ्या. कव्हरवर संस्थेचं नाव छापायचं तर छापा, पण खाली नाव, विभाग आणि 'पासून-पर्यंत' अशी जागा सोडा. सहा महिन्यांनी वही शोधताना ती जागा कामाला येते, चिन्ह नाही.

मात्र हजेरी, आवक-जावक, रोख अशा कामांना ही वही वापरू नका. पिनेच्या वहीतून एक कागद ओढला तर जोडीचा कागदही सुटतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. तिथं शिलाईचं, पानांवर क्रमांक छापलेलं रजिस्टरच हवं.

कराचं असं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लिहायच्या वह्या, आलेखवह्या, प्रयोगवह्या यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्य झाला. रजिस्टर, हिशेबवह्या, डायऱ्या, लेटरपॅड यांवर तो १८ टक्के आहे. म्हणून बिलात 'स्टेशनरी' असं मोघम लिहू देऊ नका. वह्या एका ओळीत, रजिस्टरं दुसऱ्या ओळीत. गिऱ्हाइकं विचारतात, कर गेला तर भाव तेवढा का उतरला नाही? विकताना कर नाही म्हटल्यावर कारखानदाराला पुठ्ठ्यावर, पिनांवर, शाईवर भरलेला कर परत मिळत नाही. मग तो कर कारखानदार भावात धरतो. जुन्या दराच्या साठ्यालाही हेच कारण लागू होतं, तरी घासाघीस करायला हरकत नाही. (पोरगा हे वाचणार आहे.)

आमच्या मंडळानं यंदा आंबेडकर जयंतीला डीजे कमी करून ५०० वह्या वाटायचं ठरवलंय. कव्हरवर मार्गदर्शकांचे फोटो टाकायचे आहेत. कमीत कमी खर्चात कसं होईल?
— मंडळाचा कार्यकर्ता, जुळे सोलापूर

दादा, डीजे कमी केला इथंच अर्धं काम झालं. 'एक वही, एक पेन'च्या हाकेला लोक हारांऐवजी वह्या घेऊन येतात, ते मी दुकानातून दरवर्षी बघतो. चांगली रीत आहे.

पण वेगवेगळ्या लोकांनी आणलेल्या ५०० वह्या ५०० जातींच्या होतात आणि पोरांत भांडणं लागतात. त्यापेक्षा मंडळानं रक्कम जमवून एकाच जातीचा माल घ्यावा. ५०० साठी खास कव्हर छापणं परवडत नाही, छपाईचा सुरुवातीचा खर्च थोड्या वह्यांवर पडतो. साधं तयार कव्हर घ्या आणि मंडळाच्या नावाचं एक छोटं लेबल चिकटवा.

फोटोंबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. किती मार्गदर्शक आहेत? एकदा माझ्याकडे १९ फोटोंचं कव्हर आलं होतं. मुलाला नाव लिहायला जागाच नव्हती! त्यानं एका साहेबांच्या कपाळावर नाव लिहिलं. तुमचे मार्गदर्शक ज्या शाळेत वाटप करतील, तिथल्या मुख्याध्यापकांना आधी कोणत्या रेघांच्या वह्या हव्यात ते विचारून घ्या. चौथीच्या पोरांना चाररेघी वाटून मंडळ निघून जातं आणि वह्या कपाटात पडतात.

उर्दू माध्यमासाठी वह्या मागवल्या तर समास चुकीच्या बाजूला येतो. वेगळ्या कराव्या लागतात का?
— शिक्षक, सोलापूर

आतली पानं तीच चालतात. डावीकडे समास असलेली वही अर्धी फिरवून वरचं खाली करा, शिवण उजवीकडे येते आणि समासही उजवीकडे. फक्त वरची जाड रेघ खाली जाते. म्हणून वर-खाली सारखं अंतर सोडलेली, जाड रेघ नसलेली आखणी मागा. कव्हर मात्र उजव्या शिवणीच्या हिशेबानं वेगळं लावून घ्यावं लागतं. सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत, बांधणीवाल्यांना हे नवं नाही. पहिल्याच मागणीत सांगा, माल आल्यावर नाही.

वह्यांचे गठ्ठे शाळेत कुठं ठेवावेत? गेल्या पावसाळ्यात खालचे दोन वाळवीनं खाल्ले.
— लिपिक, मोहोळ

जमिनीवर नको आणि भिंतीला टेकून नको. लाकडी फळ्या विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर सोडा. गठ्ठे आडवे रचा, उभे ठेवले की कव्हरं वळतात. जुना माल आधी काढा.

नातवंडांच्या वह्यांत मागं कोरी पानं राहतात. आम्ही लहानपणी ती शिवून नवी वही करायचो. माझ्या हातची शिवलेली सुटते. काय चुकतं?
— एक आजी, बाळे

आजी, तुम्ही पिनेच्या वहीतली पानं मधोमध दुमडून शिवत असाल. मागचं कोरं पान पुढच्या लिहिलेल्या पानाला जोडलेलं असतं, ते कापलं की सुटा कागद उरतो. सुट्या कागदांना मधली शिवण धरत नाही. सगळे कागद ठोकून सारखे करा, वर-खाली जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावा आणि कडेपासून बोटभर आत दाभणानं तीन भोकं पाडा. दोरा मधल्या भोकातून खाली, वरच्या भोकातून वर, मग मधलं सोडून थेट शेवटच्या भोकातून खाली आणि पुन्हा मधल्यातून वर. दोरा ओढून घट्ट करा आणि दोन्ही टोकांची गाठ त्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांनी मारा. दोरा सुती आणि दुहेरी घ्या. कुठला घ्यावा म्हणून विचारू नका, सोलापुरात राहून दोरा वहीवाल्याला विचारायचा नसतो.